एका हातानं की दोन हातांनी?

आमच्याकडे वस्तूची किंमत मोठ्यानं सांगायची रीत नाही. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात आणि भोवतीचे लोक नुसते अंदाज बांधत राहतात. घरी आल्यावर तोच बैल बायकोला स्वस्तात सांगायचा, शेजाऱ्याला महागात. खरा आकडा बैलालाही कळू द्यायचा नाही. अशा या बुलडाणा जिल्ह्याच्या सातपुड्याकडच्या कोपऱ्यात माझ्या भाच्यानं हॉलंडहून पार्सल पाठवलं आणि कुरिअरच्या मुलीनं फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "सर, वस्तू काय, नग किती, किंमत किती?"

मी म्हटलं, "बाई, भेट आहे. भेटीची कसली आली किंमत?"

"सर, भेटीलाही ड्युटी असते."

आणि असते, हे खरंच. टपालानं किंवा कुरिअरनं "भेट" म्हणून परदेशातून वस्तू फुकटात सोडवून घेण्याची सोय डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. त्यातून दोनच गोष्टी सुटल्या: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबत पाठवलेली भेटवस्तू मात्र सुटत नाही, हेही तिथंच स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे धागा मोकळा आणि चॉकलेट अडकलं. हे कलम लिहिणाऱ्या साहेबाला बहिणी पुष्कळ असाव्यात.

बरं, "फुकट" ही किंमत सीमाशुल्कवाले मानत नाहीत. विक्रीच झालेली नसेल, तर 2007 च्या मूल्यनिर्धारण नियमांप्रमाणे आधी अगदी तशीच वस्तू कितीला आयात झाली ते पाहायचं, तशी न मिळाली तर तिच्यासारखी दुसरी शोधायची. थोडक्यात बैलबाजारच, फक्त उपरणं काढून घेतलेलं.

आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. ती पानठेल्यापाशी येते, त्यामुळे हा सगळा संवाद जाहीर सभेत चालला होता. मुलीनं आधार कार्ड मागितलं तशी सभा खवळली. "फ्रॉड हाये भाऊ! कस्टमच्या नावानं लय लुटून राह्यले!" सभेचं अगदीच चूक नव्हतं. पण व्यक्तिगत आयातीला कुरिअरवाल्यांना ओळखपत्र लागतंच. भामटा असतो तो अटकेची धमकी देतो आणि स्वतःच्या खात्यात पैसे मागतो. सीमाशुल्क खात्याच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर ताडून बघता येतो. मी हे समजावून सांगितलं. सभेनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे, आता हा गेलाच, अशा नजरेनं पाहिलं.

पार्सलमध्ये संत्र्याच्या छाटणीची कात्री होती. मुलीनं विचारलं, "सर, कात्री एका हाताची की दोन हातांची?"

मला वाटलं, पोरगी थट्टा करते. पण नाही! शुल्काच्या तक्त्यात 98 वं प्रकरण येईपर्यंत जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या खणात बसवलेली आहे. एका हातानं चालणाऱ्या छाटणीच्या कात्रीचा खण 8201 50, आणि कोंबडी कापायची कात्रीही त्याच खणात. दोन हातांची असेल तर 8201 60. सभेत लगेच तट पडले. एक म्हणाला, मामा अशक्त आहेत, दोन हात लागतीलच. दुसऱ्याला कोंबडीतच रस होता. मी ठणकावून "एक हात" सांगितलं.

मग स्वेटर. तो विणलेला की कापडाचा शिवलेला? विणलेल्याचं प्रकरण 61, कापडाच्या शिवलेल्याचं 62. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. तिथं स्वेटर कशाला, हे मात्र सीमाशुल्कानं विचारलं नाही. नेमका विचारण्यासारखा प्रश्न तोच होता.

खरी गोम निघाली ती तळाशी. भाच्यानं आईसाठी, म्हणजे आमच्या ताईसाठी, ट्युलिपचे कंद टाकले होते, "अंगणात लाव" म्हणून. लागवडीचा कंद म्हटला की 2003 चा वनस्पती संगरोध (म्हणजे क्वारंटाइन) आदेश आलाच: इकडचा आयात परवाना पाहिजे आणि तिकडचं रोगकीड नसल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. दोन्ही नव्हतं, कंद तिथंच राहिले. याबद्दल मी सरकारवर जराही रागावलेलो नाही. गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस परक्या किडीला आवतण देत नाही. शिवाय ट्युलिपला थंडी लागते. आमच्या अंगणात त्याचं भरीत झालं असतं.

तशी कराची अडवणूक आमच्या मुलखाला नवी नाही. इंग्रजांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून मैलोन्‌मैल काटेरी कुंपण वाढवलं होतं, बोरी, बाभळी, करवंदी, निवडुंगाचं. ते खाली पार आमच्या शेजारच्या बऱ्हाणपुरापर्यंत आलं होतं. 1879 मध्ये ते सोडून दिलं. काटे आता फॉर्मात लावतात, एवढाच फरक.

शुल्क भरलं. कात्री आली, चॉकलेट पातळ होऊन आलं.

ताईला परतफेड केल्याशिवाय चैन पडेना. कुरडया, शेवया आणि तुपाची बरणी घेऊन आम्ही तालुक्याच्या पोस्टात गेलो. तूप मी रस्त्यातच काढून ठेवलं होतं, कारण दुधा-मांसाचे पदार्थ खासगी पार्सलातून युरोपीय संघात जात नाहीत. ताई त्यावरून धुमसत होतीच. मी तिला एवढंच सांगितलं होतं, की तिकडे 45 युरोपर्यंतची घरगुती भेट करमुक्त असते, तेव्हा किंमत बेतानं सांग.

बाबूंनी घोषणापत्र पुढ्यात ओढलं. "किंमत?"

"लिहा पाचशे," मी म्हटलं.

"पाचशे?" ताई कडाडली. "तीन दिवस गहू भिजू घातला, चीक काढला, उन्हात राखण केली, आन पाचशे?"

मागच्या बाईनं मजुरी धरायला सांगितली. तिच्या मागचीनं अकोल्याचा भाव सांगितला. एकीनं शेवयांचे वेगळे लावले. पाचशेचे पंधराशे झाले, पंधराशेचे तीन हजार, आणि बाबू मुकाट्यानं खोडून खोडून लिहीत होते. पाच हजार दोनशेवर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, आता तिकडं पोराले टॅक्स भरा लागन."

"भरू दे," ताई म्हणाली. "त्यानं का मले इचारून कंद पाठवले होते?"