पाचिनीचं नाव राहिलं

तुमच्या कॉलऱ्यावरच्या लेखात त्याचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८४ साली शोधला, एवढंच म्हटलंय. वाचून राहवलं नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी या शरीररचनाशास्त्रज्ञाने तो १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याला 'व्हिब्रिओ' म्हटलं होतं. बिचारा १८८३ मध्ये गेला, आणि 'व्हिब्रिओ कॉलरी पाचिनी १८५४' हे नाव अधिकृत व्हायला १९६५ उजाडलं! इतका उशीर मनाला लागतो.

याच व्हिब्रिओ प्रजातीतला, म्हणजे जंतूंच्या याच गटातला, पॅराहिमोलिटिकस हा जंतू १९५० मध्ये जपानमधल्या अन्नविषबाधेतून सापडला. आधी त्याला पाश्चुरेला या दुसऱ्याच प्रजातीत घातलं होतं, नंतर व्हिब्रिओत आणलं. आम्हा मालवणकडच्यांनी तर हा ओळखायलाच हवा. खाऱ्या, कोमट पाण्यात तो वाढतो, कालवांत साठतो. आई कालवं पुरती शिजल्याशिवाय ताटात वाढत नसे.