सोयीचा आकडा कसा निवडावा

साथीचे निर्बंध उठायला लागले की सुजाण नागरिक रोज सकाळी एकच प्रश्न विचारतो: आज आपल्या जिल्ह्याचा आकडा काय? प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं, की मला आज जिथे जायचंय तिथे जाऊ देणारा आकडा कोणता? तो असतोच, जरा शोधावा लागतो. कोरोनाच्या वेळी लशीची वाट पाहावी लागली, सोयीच्या आकड्याची कधीच लागली नाही. पुढच्या साथीत धावपळ नको म्हणून ही कला आत्ताच शिकून घ्या.

सुरुवात नकाशापासून. नकाशात रंग असतात, त्यामुळे वाचायचे कष्ट पडत नाहीत. मे २०२० च्या सुरुवातीला केंद्र सरकारने देशातले जिल्हे तीन रंगांत वाटले: १३० लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. हिरवा म्हणजे गेल्या २१ दिवसांत एकही नवा रुग्ण सापडला नाही असा जिल्हा. यातल्या ‘सापडला’ या शब्दावर रेंगाळू नका, रंगावर लक्ष ठेवा. विषाणूला हद्द कळत नाही असं सांगणारे शहाणे भेटतील. त्यांना खुशाल नकाशा दाखवा. रेघेच्या अलीकडे लाल, पलीकडे हिरवा, इतकी स्वच्छ विभागणी महसूल खात्यालाही जमलेली नाही.

रेघेलगत राहत असाल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच: झोपायला एक नियम, हिंडायला दुसरा. इंग्लंडमधल्या लेस्टरला २०२० च्या जूनअखेर हे भाग्य लाभलं. सगळा देश मोकळा होत होता आणि त्या शहराभोवती मात्र रेघ ओढली गेली. आतली दुकानं बंद, बाहेरची चालू. आठवड्याला लाखामागे १३५ रुग्ण, म्हणजे खालोखालच्या शहराच्या तिप्पट. पण त्याच्या आधीची गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे. तोवर शहराच्या नावावर जो आकडा जाहीर होत होता तो छोटा दिसे, कारण त्यात मुख्यतः रुग्णालयांत झालेल्या चाचण्या धरल्या जात. गाडीत बसून किंवा घरच्या घरी नमुना देणाऱ्यांची मोजणी वेगळ्या खात्यावर जमा होत होती. शहर वाईट नव्हतं, त्याची बेरीज अर्धी होती. अर्धी बेरीज हाताशी असताना पुरी मागायला जाऊ नये.

आता लाखामागचा दर. तुमचा तालुका तीस हजार वस्तीचा आहे आणि एका समारंभातून पंधरा जण आजारी पडले, तर दर होतो लाखामागे पन्नास. ऐकायला भयंकर. अशा वेळी दराचं नाव काढू नका, संख्या सांगा: “फक्त पंधरा!” उलट पन्नास लाखांच्या शहरात आठवड्याला दोन हजार रुग्ण निघाले, तर संख्या गिळा आणि दर सांगा: “लाखामागे चाळीस, म्हणजे तालुक्यापेक्षा बरं.” दोन्ही विधानं खरी आहेत. खोटं बोलायची गरज ज्याला पडते त्याला भागाकार येत नसतो.

बाधित दराचं, म्हणजे शंभर चाचण्यांत किती जण बाधित निघाले याचं, गणित तर याहून सोपं. शंभर खोकणाऱ्यांची चाचणी केली, वीस बाधित निघाले. वीस टक्के, आली का पंचाईत? घाबरू नका. रस्त्यावरून धडधाकट चालणारे तीनशे जण थांबवा आणि त्यांचीही जलद चाचणी करा. कोणीच बाधित निघालं नाही, तर चारशेत वीस, म्हणजे पाच टक्के. एकही रुग्ण बरा न करता साथ दुपारपर्यंत चौपट ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२० मध्ये निर्बंध उठवायच्या निकषांत दोन आठवडे पाच टक्क्यांखालचा दर सांगितला होता. संशयितांची चाचणी व्यापक होत असेल तरच तो धरावा, अशी अट त्याला जोडलेली होती. पण अटी बारीक अक्षरात असतात आणि आपला चष्मा नेमका घरी राहिलेला असतो. महाराष्ट्रात जून २०२१ मध्ये निर्बंधांचे पाच स्तर आले. दर आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्या यावर जिल्ह्याचा स्तर ठरे. महिना संपायच्या आत सरकारने जाहीर केलं की दर काढताना फक्त आरटीपीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या, चाचण्या धरायच्या, जलद नाहीत. कलेची कदर अशीच कमी होत जाते.

आर नावाचाही एक आकडा आहे. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना लागण करतो, ते तो सांगतो. एकाच्या वर म्हणजे साथ वाढतेय, खाली म्हणजे ओसरतेय. याची गंमत अशी की रुग्ण थोडे असले की तो जागेवर ठरत नाही. जून २०२० मध्ये जर्मनीचा आर एकाएकी २.८८ वर गेला. गूटर्सलो भागातल्या एका मांस कारखान्यात दीड हजारांवर कामगार बाधित निघाले होते आणि देशात बाकी रुग्णच कमी होते, त्यामुळे तेवढ्याने सगळ्या देशाचा आकडा वर ओढला. यातून नियम घ्या: आर वर गेला की म्हणायचं, “तो एका कारखान्यामुळे.” खाली आला की म्हणायचं, “तो आमच्या शिस्तीमुळे.” खाली आणणारा कारखाना कोणी शोधत बसत नाही.

जर्मनीनेच मे २०२० मध्ये सात दिवसांत लाखामागे ५० नवे रुग्ण ही स्थानिक निर्बंध परत लावायची मर्यादा ठरवली होती. पन्नास म्हणजे काही विषाणूचा कडेलोट नव्हे. स्थानिक आरोग्य कार्यालयांना बाधितांच्या संपर्कातली माणसं शोधणं कुठवर झेपेल, असा त्यामागचा हिशेब होता. आकड्याच्या मागे फोन घेऊन बसलेलं माणूस असतं, हे कळलं की पुढचा सल्ला आपोआप सुचतो. तो फोन आलाच तर असं वागा. पलीकडून थकलेला आवाज विचारेल, “गेल्या काही दिवसांत कोणाकोणाला भेटलात?” ठामपणे सांगा, “कोणालाच नाही.” मागे चमचे वाजत असतील, कोणी तरी “अरे, फोन ठेव आणि ये लवकर” म्हणून हाक मारेल. तेव्हा रिसीव्हरवर हात ठेवा. पलीकडचा माणूस जरा थांबेल, मग म्हणेल, “बरं. आठवलं तर कळवा.” तुमच्या रकान्यात शून्य पडेल आणि जिल्ह्याची प्रगती होईल.

आकडे फारच अंगावर यायला लागले तर तांत्रिक बाजू सांभाळा. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात १५,८४१ रुग्ण रोजच्या मोजणीतून गळले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. रुग्णांना आपापले निकाल कळले होते, त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध तेवढा राहून गेला. पण त्या दिवसांत आलेख किती समंजस दिसला! आलेख तरीही खाली येत नसेल तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याची मे २०२० मधली युक्ती पाहा. पट्ट्या उंचीप्रमाणे उतरत्या लावलेल्या, मग त्याखालच्या तारखा मागेपुढे झाल्या तरी चालेल. लोकांनी आरडाओरडा केला, खात्याने दुरुस्ती केली. कालक्रम लोकांना का हवा असतो, कोण जाणे.

एक किरकोळ अडचण सांगून ठेवतो, आडवी येत नसली तरी. आज दिसणारा आकडा आजचा नसतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला पाचसहा दिवस. “साधी सर्दी आहे” म्हणण्यात दोनतीन दिवस. मग चाचणी, निकाल, नोंद. म्हणजे आजचा हिरवा रंग दहाबारा दिवसांपूर्वीच्या घराघरातला आहे, जेव्हा आपण सगळे घाबरून आत बसलो होतो. या शिस्तीच्या फळावर आता बाहेर पडायचं. बाहेर पडल्याचा आकडा येईल तेव्हा येईल; तो दुसऱ्या कोणाच्या तरी बेशिस्तीचा असेल.

शेवटी वेळापत्रक. दर गुरुवारी आकडे जाहीर करायचे आणि नवा स्तर सोमवारपासून लावायचा, ही महाराष्ट्राच्या पाच स्तरांमधली सोय फार विचारपूर्वक केलेली होती. आपला जिल्हा वाईट स्तरात गेल्याचं गुरुवारी कळलं तरी खचू नका. जी कामं महिनाभर लांबवली ती त्या तीन दिवसांत उरका, सगळ्यांनी एकदमच उरका, रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहा. पुढचा माणूस खोकला तर नकाशा उघडून दाखवा त्याला. आदेशाची प्रत विषाणूलाही सोमवारीच मिळणार आहे.