प्रोटीन आहे गं त्यात!

आमच्या घरात सध्या हेल्दी खाण्याची साथ आलीये. नवऱ्याच्या ब्लड रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉलच्या पुढे वर जाणारा एक बाण होता आणि त्या बाणाने आमच्या किचनमधलं तेल, साखर आणि जेवणातला जीव सगळं एकाच दिवशी काढून नेलं. बरं स्वयंपाक तोच करतो, त्यामुळे मला तक्रारीची सोय नाही. आयतं मिळतंय तर गप खा, असं आई (माझीच, त्याची नाही) फोनवर सांगते. तिला काय जातंय, फोनवरून वाफवलेल्या ब्रोकोलीचा वास येत नाही ना.

तर त्या रात्री ब्रोकोलीच होती. वर लिंबू, मिरपूड आणि "तेलाचा थेंब नाही पण लागते की नाही भारी?" हा कंपल्सरी प्रश्न. मी एक तुरा काट्याने उचलला तर त्याला एक देठ जास्तीचा दिसला. फिकट हिरवा, इंचभर, आणि पाठीवर बारीकशी पिवळट रेघ. देठाला रेघ कशाला असेल म्हणून जवळ धरून बघते तर पुढच्या बाजूला चिमुकल्या पायांच्या तीन जोड्या, नीट दुमडलेल्या, अंगावर मखमलीसारखी बारीक लव, आणि वाफेत शिजून एकदम टम्म! मी किंचाळले नाही. म्हणजे मला तरी तसंच आठवतंय, वरच्या मजल्यावरचे वेगळं सांगतात.

नवऱ्याने शांतपणे चष्मा लावला. "अगं साल असेल देठाची."

"सालीला पाय असतात?"

मग त्याने ताट सोडून मोबाईल घेतला, आणि दोन मिनिटांत मला ऐकवलं की 2013 साली युनोच्या अन्न आणि शेती संघटनेनेच रिपोर्ट काढलाय, जगात साधारण 200 कोटी लोकांच्या पारंपरिक जेवणात किडे असतात, खाण्यालायक 1900 च्या वर जाती आहेत, प्रोटीन आहे गं त्यात! म्हटलं अरे, त्या 200 कोटी लोकांना ताटात काय वाढलंय ते माहीत असतं, ते ठरवून, आवडीने खातात, लिंबाखाली लपवलेलं नसतं.

इतका वेळ गप्प बसलेली लेक तेवढ्यात म्हणाली, "ही कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराची अळी आहे, आम्हाला शाळेत दाखवली होती." मग जरा थांबून, "म्हणजे बाबाने फुलपाखरू वाफवलं?" आणि भोकाड पसरलं. तिला गप्प करण्यात जेवण गार झालं (त्याचं मला फार दुःख झालं असं नाही).

पण नवरा हार मानेना. अळी सापडली म्हणजे भाजीवर औषध मारलेलं नाही, उलट गॅरंटीच मिळाली की, असं त्याचं म्हणणं. आता ही अळी गड्ड्यात आत शिरून बसते, तिथे फवारा धड पोचतच नाही, त्यामुळे औषध मारूनही अळी निघू शकते आणि आपल्याला दोन्ही खायला मिळतात. हे मी सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प. दुसऱ्या दिवसापासून ब्रोकोली मिठाच्या पाण्यात पोहायला लागली, आणि हा शेजारी उभा राहून टॉर्च मारतोय, कोण वर येतंय का ते बघायला.

मग ती भानगडही नको म्हणून फ्रोझन पाकीट आलं. धुतलेली, चिरलेली, कंपनीने तपासलेली, आता बोल! मी काहीच बोलले नाही, फक्त तो जेवायला बसल्यावर मोबाईल काढला. यावेळी माझा. अमेरिकेच्या एफडीएच्या नियमात फ्रोझन ब्रोकोलीत 100 ग्रॅममागे सरासरी 60 किंवा जास्त मावा, फुलकिडे, कोळीकिडे (माइट्स) असे भाजीवरचे बारीक जीव सगळे मिळून सापडले तर ॲक्शन घेण्याची पातळी गाठली असं धरतात. त्याच्या खाली असतील तर तब्येतीला धोका नाही.

"म्हणजे 59 चालतात?" त्याने विचारलं.

"सरासरी हं. आणि तू घेतलीयस 200 ग्रॅम."

त्याने मनातल्या मनात गुणाकार केला असावा, कारण काटा हळूच खाली ठेवला. "प्रोटीन आहे रे त्यात," मी म्हटलं.

सध्या तो अंडी उकडतो, पिवळं काढून. अंड्यात अळीला बाहेरून आत शिरायला वाट नसते म्हणे.