नाही म्हणू नका, ‘उद्या या’ म्हणा

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत नव्याने बसलात, अभिनंदन. आता अडचण अशी की पालावरचं, ऊसतोड टोळीतलं, नाहीतर कचरा वेचणाऱ्या बाईचं पोर शाळेत नाव घालायला दारात उभं राहणार. त्याला नाकारता येत नाही. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला तसा हक्क मिळालाय. पण घाबरू नका, नाकारायचं सांगतंय कोण?

आधी जन्मदाखला मागा. ज्या बाईचं बाळंतपण उसाच्या फडात झालं, तिच्याकडे तर आवर्जून मागा, आणि मागताना आवाज मऊ ठेवा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं त्या कायद्याचं कलम 14 सांगतं. कायद्याची पुस्तिका कपाटात असू द्या. बाईला ती वाचता येणार नाही. तिच्या लहानपणी जे मुख्याध्यापक होते, त्यांनी तेवढी काळजी घेतलेली आहे.

तिने कुठूनतरी दाखला आणलाच, तर आधीच्या शाळेचा दाखला मागा. तोही आणला, तर आधार. आणि आधारही निघालं, तर ‘पोर्टल बंद आहे, उद्या या’ हे वाक्य आहेच. एवढं बिनतोड वाक्य आपल्या खात्यात दुसरं नाही. इथे थोडं अर्थशास्त्र लक्षात ठेवा. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता. बाई शाळेत आली की तो कोयता अडतो, टोळीचा मुकादम खाडा (गैरहजेरी) धरतो आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची लांबते. त्यामुळे तुम्हाला तिला फार वेळा परत पाठवावं लागत नाही.

काही पोरं तरीही आत शिरतात. अकरा वर्षांच्या, कधी शाळा न पाहिलेल्या मुलीला सरळ पाचवीत बसवा. वयानुरूप वर्ग द्या असं कलम 4 म्हणतंच. इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी तिला विशेष प्रशिक्षण द्यावं, हेही त्याच कलमात आहे, पण ते पुढे आहे. तिथवर वाचायचं नाही. घरी गोरमाटी (बंजारा बोली) किंवा पारधी बोलणाऱ्या लेकराला ‘मला समजलं नाही’ हेसुद्धा मराठीत सांगता येत नाही. प्रगतिपुस्तकात शेरा मारा : अबोल आहे, अभ्यासात रस नाही.

वर्गात पेन्सिल हरवली तर कुणाकडे बघायचं, हे तुम्हाला शिकवायला नको. पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा, 1871 साली इंग्रजांनी सुरू केलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला. वर्गातल्या नजरेला तो लागू ठेवायला मात्र शासन निर्णय लागत नाही.

मुलींची चिंता सरकारने वाहिलीच आहे. कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, धाकटं भावंड सांभाळणारी मुलगी शाळेत यावी म्हणून 1992 साली मागास समाजातल्या गरीब घरांमधल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. (शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला 1 रुपया दंड होता. तेव्हाचा रुपया बोचायचा, हा फरक किरकोळ समजा.)

दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. पोरांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. तिचा प्रस्ताव मात्र गाव रिकामं झाल्यावर पाठवा, म्हणजे वरून ‘लाभार्थी आढळले नाहीत’ असं उत्तर येईल आणि फाइल तुमच्या चुकीशिवाय बंद होईल. पटावरचं नाव काढू नका. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, एखादा शिक्षक जातो, आणि वीसच्या खाली गेला तर शाळाच आसपासच्या शाळा एकत्र करून केलेल्या समूह शाळेत विलीन करायची चर्चा सुरू होते. पोर कारखान्याच्या वाटेवर वाढं (उसाचे शेंडे) गोळा करत असलं, तरी बीड जिल्ह्यातल्या हजेरीपटावर ते सुखरूप असतं.

शाळाबाह्य मुलं मोजायची वेळ आली तर मुहूर्त 2015 सालचा धरा. तेव्हा राज्यभर एकाच दिवसात, 4 जुलैला, सर्वेक्षण झालं. मोजलेल्या पोराच्या बोटाला शाईही लावली. जुलैत ऊसतोडीची माणसं घरीच असतात.

एवढं करूनही एखादा शिक्षक बिघडवतोच. मोटारसायकल काढून कोपीवर जातो, मुकादमाशी भांडतो, आईला समजावतो, बिनकागदाची चार पोरं डबलसीट-तिबलसीट आणून वर्गात बसवतो. त्याच्यावर कारवाई करू नका, उगाच पेपरात नाव येतं. कलम 27 उघडा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकाला देता येतात, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. इथे मात्र कायद्याचा शब्द न शब्द पाळा आणि मतदार याद्यांचा गठ्ठा त्याच्याच टेबलावर ठेवा.