जळकं ऑइल गुडघ्याला चोळू नका

‘खनिज तेल म्हणजे धरणीमातेचं औषध’ असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. फिरत फिरत तो माझ्या आत्याच्या मोबाइलवर पोचला. आत्याचं आयुष्य मांडी घालून विड्या वळण्यात गेलं, गुडघे केव्हाच कामातून गेलेत. तिनं शेजारच्या गॅरेजमधून बाटलीभर जळकं ऑइल आणवलं, दोन्ही गुडघ्यांना चोळलं आणि वरून फडकं बांधलं. मी गेले तेव्हा फडक्याखाली बारीक फोडांचं पुरळ उठलेलं. विचारलं तर म्हणते, “अगं, सगळ्यांना आलाय की मेसेज, खोटं कशाला लिहितील?”

मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत. तेल जमिनीतूनच येतं, म्हणून ते निरुपद्रवी. अझरबैजानमध्ये लोक त्यात अंघोळ करतात आणि सांधे मोकळे होतात, आपल्याकडे त्याऐवजी गॅरेजमधलं ऑइल चालतं. जमिनीत किंवा विहिरीत पडलं तर जंतू ते खाऊन टाकतात. आणि तेलगळतीची ओरड समुद्राकाठच्यांची, सोलापूरला त्याचं काय?

पहिल्या मुद्द्यात वेळ घालवत नाही. सोमलासारखं जहरही जमिनीतूनच येतं.

खरा घात दुसऱ्या मुद्द्यात आहे. अझरबैजानात नफ्तालान नावाचं गाव आहे आणि तिथं तेलाच्या टबात बसवून उपचार करतात, एवढं खरं आहे. पण तिथलं तेल वेगळं असतं. ते जड असतं, पेट्रोलसारखे हलके घटक त्यात फार थोडे असतात. माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली दहाएक मिनिटं बसवतात आणि अंग पुसून काढतात. त्यातल्या घटकांवरही आक्षेप घेतले गेलेत. आता त्याच्याशी गॅरेजमधल्या ऑइलची तुलना करा. हजारो किलोमीटर इंजिनात जळून निघालेलं ते ऑइल. इंधन जळताना तयार होणारी कॅन्सरकारक संयुगं त्यात साठतात, झिजलेल्या भागांचा धातूचा चुरा असतो. ते रात्रभर फडक्याखाली कातडीला चिकटवून ठेवायचं? शुद्ध न केलेल्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज वंगणतेलांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलंय.

आपण एकेकाळी मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावची माणसं, म्हणून हेही सांगते. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या सूतगिरण्यांत चात्यांचं तेल उडून कामगारांच्या विजारी भिजायच्या. वर्षानुवर्षं तसं काम करणाऱ्यांना अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होऊ लागला. 1920च्या दशकात तिथल्या सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. ते तेल तर कोणी औषध म्हणून चोळलेलंही नव्हतं.

तिसरा मुद्दा जंतूंचा. तेल खाणारे जंतू असतात, कबूल. समुद्रात काही तेल तळाच्या भेगांतून आपोआप झिरपतं, हेही कबूल. पण ते थेंबाथेंबानं, विखरून येतं, आणि जंतूंना जोमानं काम करायला प्राणवायू लागतो. जमिनीखाली तो कमी पडतो. नायजेरियातल्या ओगोनीलँडमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं तपासणी केली. 2011 सालचा तो अहवाल जंतूंवर हवाला ठेवणाऱ्यांनी जरूर वाचावा. एका ठिकाणी भूजलावर 8 सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता. एका वस्तीतले लोक ज्या विहिरींचं पाणी पीत होते, त्यात बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटींहून जास्त सापडलं. बेंझिननं रक्ताचा कॅन्सर होतो. चाळीस वर्षांपूर्वी सांडलेलं तेलही काही जागी तसंच होतं. सगळा भाग पूर्ववत व्हायला 25 ते 30 वर्षं लागतील, असं तो अहवाल म्हणतो. तिथल्या जंतूंना कमी वेळ मिळाला होता का?

चौथ्या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं. त्या विहिरी घरगुती वापराच्या होत्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, बरंचसं गाव बोअरवर जगतं, आणि आपला काळा पाषाण भेगांचा आहे. गॅरेजमागं मातीत ओतलेलं ऑइल त्या भेगांतून कुठवर जाईल ते वरून दिसत नाही. कायद्यानंही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाल्या दादांनी ते नालीत सोडू नये, मागणाऱ्याला बाटलीत भरून तर मुळीच देऊ नये. डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यावं.

ज्यांनी आधीच चोळलंय त्यांनी साबण आणि कोमट पाण्यानं धुवा. डाग जात नाहीत म्हणून रॉकेल-पेट्रोलनं पुसू नका, त्यानं कातडी आणखी सोलते. पुरळ उतरत नसेल, चामखिळीसारखं काही वाढत असेल किंवा जखम भरत नसेल तर सिव्हिलमध्ये कातडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि काय लावलं होतं ते न लाजता सांगा.