सरंजामदार म्हणजे जमीनमालक? कुठले!

एक मजकूर अधूनमधून फिरत असतो: ‘सरंजाम म्हणजे राजाने सरदाराला कायमची दिलेली जमीन. सरंजामदार तिचा मालक, वतनदार त्याचाच भाऊ, आणि ही रीत शिवकालापासूनची.’ एवढ्याशा मजकुरात धड असं फारसं काही नाही.

‘सरंजाम म्हणजे जमीन.’ शब्द फारसी, सर-अंजाम. अंजाम म्हणजे शेवट, पूर्तता. उर्दूत काम अजूनही ‘सरअंजाम’ दिलं जातं. मराठीत तो तयारीवर आणि तिथून सामानावर आला. आमची आजी दिवाळीआधी म्हणायची, ‘फराळाचा सरंजाम काढा रे’, की माळ्यावरून कढई, झारा, सोऱ्या, चकलीची ताटली सगळं खाली यायचं. फौजेचंही तेच. घोडे, स्वार, दाणावैरण हा सरंजाम. आणि तो भागावा म्हणून तोडून दिलेल्या मुलखाच्या वसुलालाही तेच नाव.

‘सरंजामदार मालक.’ त्याच्याकडे होता तो वसुलाचा हक्क, तोही चाकरीच्या बदल्यात. पेशवाईतले तैनात-जाबते, म्हणजे सरदाराच्या नेमणुकीचे तपशीलवार कागद, पाहा: स्वार किती, पगार किती, सरदाराच्या स्वतःच्या खर्चाला किती, सगळं नेमून दिलेलं. फौजेसाठीचा फौज-सरंजाम वेगळा, सरदाराच्या स्वतःसाठीचा जात-सरंजाम वेगळा. युरोपातल्या ‘फ्यूडल’ व्यवस्थेला आपण ‘सरंजामशाही’ हा प्रतिशब्द चिकटवला आणि तिकडची जमीनदारी इकडच्या शब्दात शिरली.

‘वतनदार त्याचाच भाऊ.’ पाटील, कुलकर्णी, देशमुख यांची वतनं, म्हणजे गावाच्या-परगण्याच्या कामाचे हक्क, पिढीजात. भावाभावांत वाटली जात, अडचणीला विकलीही जात. सरंजाम विकता येत नसे; वारसाला नवी सनद घ्यावी लागे. आता, शिंदे-होळकर-गायकवाडांच्या घरात सरंजाम बापाकडून मुलाकडे गेलेच की, असं कुणी म्हणेल. गेले, खरंच. एवढ्या बळावलेल्या सरदारांचा मुलूख काढून घेणं पुण्याच्या पेशव्यांना झेपणारं नव्हतं. ‘कायमची’ हा शब्द तेवढ्यापुरता मान्य.

‘शिवकालापासून.’ इथे तर उलटंच आहे. शिवाजी महाराजांचा बखरकार सभासद १६९७ मध्ये बखर लिहिताना सांगतो की महाराज लष्कराला मुलूख तोडून देत नसत, पगार रोख किंवा वरातीने, म्हणजे सरकारी वसुलावरच्या चिठ्ठीने, चुकवत. गाडी फिरली १६८९ नंतर. संभाजीराजे मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज दूर तमिळ मुलखातल्या जिंजीला, खजिना रिकामा. मग सरदारांना द्यायचं काय? अजून हाती न आलेला मुलूख! १६९१ मध्ये हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपड्यांना मिळून सहा लाख होनांच्या (होन म्हणजे सोन्याचं नाणं) सरंजामाचं वचन दिलं गेलं. ते एकदम मिळायचं नव्हतं. काही हिस्सा रायगड घेतल्यावर, काही विजापूर, भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद घेतल्यावर, आणि उरलेला थेट दिल्ली काबीज केल्यावर.