किल स्विचची वायर कापणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

दिवाळे कोळीवाड्यात सध्या एक मेसेज फिरतोय: जुनं आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बसवलेलं) करंट मारत नसेल, म्हणजे प्लगला ठिणगी येत नसेल, तर घरच्या घरी हे करा. बॅटरी रात्रभर चार्जला लावा. प्लग काढून हवेत धरा, दोरी ओढा, ठिणगी दिसते का बघा. प्लगच्या टोकांमधला गॅप वाढवा, ठिणगी मोठी पडेल. एवढं करूनही जमलं नाही तर किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या स्विचची, वायर कापून टाका. मामांनी तो मला पाठवला तोवर त्यांनी वायर कापलीसुद्धा होती.

बॅटरीचं आधी उरकतो. दोरीने सुरू होणाऱ्या या टू-स्ट्रोक इंजिनांच्या करंटला बॅटरी लागतच नाही. फ्लायव्हीलमधले चुंबक चार्ज कॉईलभोवती फिरले की वीज तयार होते, ती सीडीआय नावाच्या इग्निशनच्या डबीत साठते आणि इग्निशन कॉईलमधून प्लगला जाते. मेसेज लिहिणाऱ्याने इंजिनाचं झाकण कधी उघडलेलं दिसत नाही. चार्ज काय करायचं, पेट्रोलची टाकी?

आता वायर. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. स्विच दाबला किंवा त्यात अडकवलेली क्लिप निघाली की स्टॉपची वायर इंजिनाच्या बॉडीला जोडली जाते, म्हणजे अर्थ (अर्थिंग) होते, आणि इंजिन बंद पडतं. खाऱ्या हवेने स्विच आतून गंजला किंवा वायर घासून बॉडीला टेकली, तर ती कायम अर्थ राहते आणि करंट येतच नाही. म्हणून ती वायर सीडीआयजवळच्या कनेक्टरमधून सोडवून बघायची. होडी बांधलेली, गिअर न्यूट्रलला. करंट आला तर दोष स्विचचा किंवा त्या वायरीचा. तो भाग बदला आणि कनेक्टर परत लावा. मधेच इंजिन सुरू झालं तर चोक ओढून बंद करा, स्विचने होणार नाही.

पण वायर कापून तसंच खाडीत जायचं? मामा पहाटे एकटे निघतात. लाटेचा दणका बसून माणूस पाण्यात पडला, तर मनगटाची लाल दोरी क्लिप ओढते आणि इंजिन थांबतं. वायर कापल्यावर ती दोरी नुसती शोभेची. मोकळा सुटलेला टिलर (इंजिन वळवायचा दांडा) एका बाजूला वळतो, होडी गोल फिरते आणि पंख्यासकट पडलेल्या माणसावरच येऊ शकते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून, असा स्विच असलेली २६ फुटांपेक्षा लहान बोट वेगात चालवताना ही दोरी किंवा तसलीच जोडणी लावणं कायद्याने सक्तीचं आहे. हौस म्हणून केलेला कायदा नाही तो.

प्लग हवेत धरू नका. त्याचं लोखंड ब्लॉकला टेकलेलं नसेल तर हजारो व्होल्ट वाट शोधत कॉईलचं नाहीतर सीडीआयचं इन्सुलेशन फोडतात. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, तिच्या तोंडाशी ठिणगी कशाला? साधा स्पार्क टेस्टर घ्या आणि भोकापासून लांब लावा.

गॅप मॅन्युअलमध्ये असेल तेवढाच. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबराशेवटी '-१०' असेल तर १.० मिमी. वाढवला की कमजोर कॉईलला सिलेंडरच्या दाबात तो ओलांडणं आणखी जड जातं.

दोन सिलेंडर असतील तर प्लगची अदलाबदल करा; दोष प्लगबरोबर सरकला तर प्लगच खराब. मग अर्थच्या वायरींची हिरवी पडलेली टोकं घासा, चार्ज कॉईलचे ओहम मॅन्युअलशी ताडून बघा. सीडीआय त्यानंतर. दुकानदार सुरुवात तिथूनच करेल, तुम्ही करू नका.